म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय थकतात तेव्हा...

संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की जो कुत्रा अंगणातून झेप घेत धावून यायचा, तो एक दिवस जागेवरूनच शेपटी हलवतो. उठण्यासाठी पुढचे पाय रोवतो; पण मागचे पाय साथ देत नाहीत. गुळगुळीत लादीवर ते दोन बाजूंना घसरतात आणि तो पुन्हा खाली बसतो. घरातली माणसे एकमेकांकडे पाहतात आणि कोणीतरी म्हणते, "वय झालं आता त्याचं!" या एका वाक्याने अनेक कुत्र्यांचे उपचार सुरू होण्याआधीच थांबतात. वास्तविक म्हातारपण हा आजार नाही. सांध्यांची झीज हा मात्र आजार आहे, तो दुखतो आणि त्यावर बरेच काही करता येते.

रायगड जिल्ह्यातील माणगाव हे मुंबई-गोवा महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून येणारा रस्ता येथेच मिळतो आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरकडे जाणारी वाहनेही येथूनच पुढे जातात. वाडीवस्तीवर राखणीचे गावठी कुत्रे आणि शहरवासीयांच्या बंगल्यांत लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड, असे दोन्ही प्रकार या भागात शेजारी शेजारी नांदतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या वाटेला येणाऱ्या सर्व अडचणीही येथे एकत्र दिसतात. चार महिन्यांचा धो धो पाऊस, उंच जोती आणि पायऱ्या, नव्या घरांतील चकचकीत लाद्या आणि दूर असलेले मोठे पशुवैद्यकीय रुग्णालय. अशा ठिकाणी जे उपाय जमतात, ते मुंबई-पुण्याच्या सदनिकेत नक्कीच जमावेत.

सांध्यात नेमके काय होते?

दोन हाडे जेथे एकमेकांना मिळतात, तेथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते आणि सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. ही कूर्चा झिजू लागली की हाडांवरचा ताण वाढतो, सांध्याला सूज येते, कडेने हाडांचे नवे उंचवटे तयार होतात आणि सांधा आखडतो. झिजलेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणूनच सांधा नवा करण्यापेक्षा वेदना कमी करणे, भोवतालचे स्नायू टिकवणे आणि कुत्र्याला हालते ठेवणे हेच उपचाराचे खरे उद्दिष्ट असते.

माणसात हा विकार बहुधा उतारवयाशी जोडला जातो. कुत्र्यात मात्र त्याचे मूळ पुष्कळदा तरुणपणातच असते. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत खुब्याचा सांधा जन्मजात सैल असण्याची प्रवृत्ती आढळते. काहींच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटलेला असतो, तर काहींना रस्त्यावरील अपघातात मार लागलेला असतो. त्याची किंमत सात-आठ वर्षांनंतर मोजावी लागते. मोठ्या जातींची उतरती अवस्था सात-आठ वर्षांनी सुरू होते, लहान जातींची त्याहून दोन-तीन वर्षे उशिरा.

दुखते, पण तो सांगत नाही

"तो ओरडत नाही, म्हणजे दुखत नसणार," हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. संधिवाताच्या जुनाट वेदनेत कुत्रा सहसा विव्हळत नाही, तो आपल्या हालचाली कमी करतो. झोपेतून उठल्यावर पहिली काही पावले आखडलेली पडतात आणि मग चाल मोकळी होते. जिना चढताना तो थबकतो, गाडीत उडी मारायचे टाळतो, फिरायला नेल्यावर मागे राहतो. एकच गुडघा किंवा मनगट सतत चाटत राहतो. मांड्यांचे मांस उतरते आणि छाती व खांदे मात्र भरदार दिसतात, कारण शरीराचा भार तो पुढच्या पायांवर टाकत असतो. चालणे कमी झाल्याने नखे वाढतात. एरवी प्रेमळ असलेला कुत्रा कंबरेला हात लावताच गुरगुरतो. तो स्वभाव बदलल्याचा पुरावा नसून दुखण्याची तक्रार असते.

यांपैकी दोन-तीन गोष्टी दिसल्या तर पशुवैद्यकाला दाखवावे. जाण्यापूर्वी एक सोपे काम करावे. कुत्रा झोपेतून उठताना, सपाट जमिनीवर चालताना आणि पायरी चढताना मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवावे. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा बरेचदा व्यवस्थित चालून दाखवतो आणि मग नेमके निदान अवघड होते.

प्रत्येक लंगडणे संधिवात नव्हे

निदानाचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. मागचे पाय लुळे पडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांचे उपचार वेगवेगळे आहेत. कोकणच्या दमट हवेत गोचिडांचा त्रास मोठा असतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्र्याचे सांधे सुजतात व तो लंगडतो. त्याचे निदान रक्त तपासून होते आणि वेळीच योग्य औषधे मिळाल्यास पुष्कळ कुत्रे बरे होतात. अशा कुत्र्याला 'म्हातारा झाला' म्हणून कोपऱ्यात बसवणे म्हणजे बरा होणारा रोग वाढू देणे होय.

जर्मन शेफर्डसारख्या जातींत मज्जारज्जूचा हळूहळू ऱ्हास होणारा एक आनुवंशिक विकारही आढळतो. त्याच्याशी निगडित जनुकीय दोष २००९ मध्ये उजेडात आला. या विकारात वेदना नसते. कुत्रा मागचे पाय ओढत चालतो, पंजा उलटा पडतो, जमिनीवर घासून नखांचा वरचा भाग झिजतो. येथे वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग नाही, आधार आणि व्यायाम यांचाच आहे.

एक गोष्ट मात्र तातडीची समजावी. कालपर्यंत चालणारा कुत्रा आज अचानक मागच्या दोन्ही पायांवर उभाच राहू शकत नसेल, किंवा त्याची लघवी तुंबली असेल, तर मणक्यातील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे मुख्य काम गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांचे. त्यामुळे पहिली तपासणी तालुक्याला झाली, तरी क्ष-किरण तपासणी किंवा शस्त्रक्रियेच्या सल्ल्यासाठी माणगावकरांना बहुधा मुंबई किंवा पुण्याचा रस्ता धरावा लागतो. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. पुण्याच्या दिशेला सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतका प्रवास करताना कुत्र्याखाली जाड गादी घालावी, दर दीड-दोन तासांनी थांबून त्याला दोन मिनिटे चालवावे आणि गाडीतून उडी मारू न देता उचलून उतरवावे.

पहिला उपचार पायाखाली

औषधाच्या आधी ज्या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे, ती म्हणजे जमीन. कोकणातील जुन्या घरांच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि मातीच्या खळ्यात कुत्र्याच्या पंजाला पकड मिळत असे. नव्या बांधकामात त्या जागी गुळगुळीत लाद्या आल्या. तरुण कुत्रा त्यावरूनही निभावून नेतो. मांडीतील ताकद गेलेल्या कुत्र्याला मात्र प्रत्येक वेळी उठताना घसरण्याची भीती वाटते. दोन-चार वेळा पडला की तो उठणेच टाळतो. न उठल्याने स्नायू आणखी क्षीण होतात आणि मग खरोखरच उठता येत नाही. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी फार खर्च लागत नाही.

त्याची झोपण्याची जागा, पाण्याचे भांडे आणि बाहेर जाण्याचा दरवाजा यांना जोडणारी एक पायवाट घरात तयार करावी. काथ्याची किंवा रबरी चटई, व्यायामाची जुनी चटई, जाड सतरंजी यांपैकी काहीही चालेल. ती स्वतःच सरकणार नाही एवढी काळजी घ्यावी. पंजाच्या गाद्यांमधील वाढलेले केस कापावेत आणि नखे नियमित कापावीत. वाढलेल्या नखांमुळे पंजा जमिनीवर नीट टेकत नाही.

दुसरा अडथळा पायऱ्यांचा. जोत्याच्या दोन पायऱ्या आपल्याला दिसतही नाहीत. पण संधिवात झालेल्या कुत्र्यासाठी तो गड असतो. तेथे एक रुंद, भक्कम फळी उताराने बसवावी. चढ सौम्य हवा. दर एक फूट उंचीसाठी फळीची लांबी किमान तीन फूट असावी. फळीवर काथ्या किंवा गोणपाट खिळ्यांनी घट्ट बसवावे आणि खिळ्यांची डोकी वर राहू देऊ नयेत. उंबरठा उंच असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंना लहान उतार करावा. जेवणाचे व पाण्याचे भांडे छातीच्या उंचीला येईल असे ठेवले, तर मान आणि पुढच्या पायांवरचा ताण कमी होतो.

वजन उतरले की पाय हलके

संधिवातावरील सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपचार म्हणजे वजन आटोक्यात ठेवणे. ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील निम्म्या कुत्र्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यमान आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. बारीक राहिलेल्या कुत्र्यांमध्ये संधिवाताचे प्रमाण कमी होते आणि तो सुरूही उशिरा झाला. लठ्ठ व लंगडणाऱ्या कुत्र्यांवरील २०१० च्या एका अभ्यासात शरीराचे वजन सुमारे सहा टक्क्यांनी घटताच लंगडणे लक्षणीय कमी झाल्याचे दिसले. ३० किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत हे जेमतेम दोन किलो होतात!

बरगड्यांवरून हात फिरवावा. त्या हलक्या दाबाने जाणवल्या पाहिजेत. त्या शोधाव्या लागत असतील तर ताटातला भात आणि दिवसभराची बिस्किटे कमी करायला हवीत. घरातील प्रत्येक जण 'एवढासाच तुकडा' म्हणून जे देतो, त्याची बेरीज एका जेवणाएवढी होते. त्याऐवजी अन्न मोजून द्यावे आणि एकानेच द्यावे.

सांध्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांचा मोठा बोलबाला आहे. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात त्यांचा वेदनेवर उपयोग होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच आढाव्यात माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांच्या बाजूने मात्र चांगला पुरावा आढळला. कोकणात तारली, बांगडा यांसारखे तेलकट मासे सहज मिळतात. मीठ-मसाला न घालता उकडलेला, काटे पूर्ण काढलेला मासा अधूनमधून जेवणात द्यायला हरकत नाही. त्यातून औषधाएवढी मात्रा मिळेल असे मात्र समजू नये, ती पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी. खारवलेले सुके मासे देऊ नयेत.

थोडे चालणे, पण रोज

"दुखते तर विश्रांती देऊ," हा विचार स्वाभाविक असला तरी पूर्ण विश्रांती अपायकारक ठरते. सांध्याला आधार देतात ते भोवतालचे स्नायू आणि न वापरलेला स्नायू झपाट्याने झडतो. उलट आठवडाभर घरात बसवून रविवारी तासभर पळवणे हेही चुकीचेच. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी दहा मिनिटे, सपाट मातीच्या वाटेवर साखळी धरून संथ चालणे हा उत्तम मार्ग आहे. फिरून आल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी तो अधिक लंगडत असेल तर वेळ कमी करावी. चेंडूमागे धावणे, एकदम वळणे आणि उड्या मारणे बंद करावे.

फिरण्यापूर्वी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून आखडलेल्या सांध्यावर दहा मिनिटे धरल्यास चाल मोकळी होते. पिशवी आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहावी. सांधा नुकताच सुजून गरम झाला असेल तर शेक देऊ नये. माणसांसाठीचे झोंबणारे मलम किंवा तेल चोळू नये. कुत्रा ते चाटतो आणि त्यातील काही घटक त्याला विषारी असतात.

पाण्यात शरीराचा भार हलका होत असल्यामुळे पोहणे हा चांगला व्यायाम आहे. मात्र अशक्त कुत्र्याला वाहत्या पाण्यात एकटे सोडू नये आणि पावसाळ्यात काळ नदीसारख्या दुथडी वाहणाऱ्या नदीजवळ नेऊच नये. दिवेआगरसारख्या किनाऱ्यावर नेल्यास ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालवावे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततात आणि सांध्यांवर ताण येतो.

झोळीचा आधार, चाकांची गाडी

मागच्या पायांची ताकद कमी पडू लागली की झोळी कामाला येते. जुने सुती धोतर, पंचा किंवा साडीची रुंद घडी पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे घ्यावी आणि दोन्ही टोके पाठीच्या वर धरावीत. कुत्र्याला उचलून लटकवायचे नसते, फक्त त्याच्या वजनाचा काही भाग आपण घ्यायचा असतो. पाठीचा कणा सरळ राहील इतकीच उंची ठेवावी. नर कुत्र्याच्या बाबतीत घडी लघवीच्या जागेवर येणार नाही हे पाहावे. सकाळी उठताना आणि पायऱ्यांवर एवढा आधार मिळाला तरी अनेक कुत्रे उरलेला दिवस स्वतःच्या पायांवर काढतात.

मागचे पाय पूर्ण निकामी झाले, पण पुढचे पाय सशक्त असले, तर चाकांची गाडी लावता येते. ती कुत्र्याच्या मापाचीच हवी. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे लावून सवय करावी. गाडी लावून झोपू देऊ नये किंवा त्याला एकटे सोडू नये.

घरातली गोळी नको

रात्री कुत्रा कण्हू लागला की औषधांच्या डब्यातील माणसांची वेदनाशामक गोळी देण्याचा मोह होतो. तो आवरावा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जनावरांवर डायक्लोफेनॅक वापरण्यास भारतात २००६ मध्येच बंदी घालण्यात आली. त्याचे कारणही कोकणाला परके नाही. हे औषध दिलेल्या जनावराचे मृत शरीर खाल्ल्याने गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. माणगावला लागून असलेल्या म्हसळा तालुक्यातील चिरगाव हे गाव गिधाडांच्या संवर्धनासाठी ओळखले जाते. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्या पशुवापरावरही बंदी आली.

कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम यांसारखी औषधे आहेत. ती पशुवैद्यकाने वजनानुसार ठरवून दिलेल्या मात्रेतच, जेवणाबरोबर द्यावीत. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करून यकृत व मूत्रपिंडांचे काम पाहावे लागते. उलट्या, काळे शेण किंवा भूक मंदावणे असे काही दिसताच औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे. त्वचेच्या विकारासाठी आधीच स्टेरॉइड चालू असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण ही दोन्ही औषधे एकत्र देणे धोक्याचे आहे.

पावसाळ्यात अधिक जपा

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या काळात फिरणे बंद होते, अंथरूण ओले राहते आणि शेवाळलेल्या अंगणात पाय घसरतात. पडवीत येरझाऱ्या घालाव्यात; पण चालणे थांबवू नये. बिछाना जमिनीपासून थोडा उंच, किमान चार बोटे जाड आणि कोरडा असावा. जो कुत्रा स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला दर दोन ते चार तासांनी दुसऱ्या कुशीवर वळवावे. अन्यथा कोपर आणि खुब्यावर जखमा होतात. लघवीने भिजलेले केस कापून तो भाग धुऊन कोरडा करावा. ओल्या जखमेवर माश्या बसून पावसाळ्यात एक-दोन दिवसांतच आळ्या पडू शकतात. म्हणून रोज एकदा त्याचे सारे अंग, विशेषतः शेपटीखालचा भाग, उजेडात पाहावा.

थांबायचे केव्हा?

इतके करूनही एक दिवस असा येतो की प्रश्न टाळता येत नाही. परंतु तो प्रश्न 'चालता येते का?' असा नसतो. आधाराने चालणारा किंवा गाडीवर फिरणारा कुत्रा आवडीने जेवत असेल, रात्री शांत झोपत असेल, ओळखीच्या आवाजाला कान टवकारत असेल, तर त्याच्या आयुष्यात अजून गोडी आहे. मात्र औषधे देऊनही वेदना हटत नसतील, अन्नावरची वासना उडाली असेल आणि चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस अधिक येऊ लागले असतील, तर पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोलून वेदनारहित निरोपाचा निर्णय घेणे ही क्रूरता ठरत नाही. दिनदर्शिकेवर रोज चांगल्या-वाईट दिवसाची खूण करत गेल्यास हा निर्णय भावनेच्या भरात घ्यावा लागत नाही.

क्रूरता असते ती म्हातारा कुत्रा गाडीत घालून महामार्गाच्या कडेला सोडून देण्यात. उपासमारीच्या वेदना भोगायला लावून प्राणी असा वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक दाखवावा लागू नये. ज्याने दहा वर्षे रात्रभर जागून आपले अंगण राखले, त्याच्यासाठी दाराशी एक फळी, जमिनीवर एक चटई आणि सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे एवढेच तर काढायचे आहे. आजच एक काम करावे. तो झोपतो तेथपासून दारापर्यंतची जमीन तळहाताने चाचपून पाहावी. हात सरकला तर त्याचे पायही सरकत असणार आणि उपचाराला तेथूनच सुरुवात करता येईल.